रेषेच्या आतला पाय

सत्काराच्या आदल्या दिवशी मी पाठीवर तंबू बांधून गावामागच्या डोंगरावर एकटाच राहायला गेलो. घरात कारण वेगळं सांगितलं होतं. बायकोला म्हणालो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. ती म्हणाली, "अहो, चालायला सांगितलंय, झोपायला नाही." तंबू मुलाचा. तो पुण्याहून सुट्टीला आला की मित्रांबरोबर डोंगर फिरतो आणि सामान आमच्या महाडच्या घरी माळ्यावर टाकून जातो.

गाव माझं पोलादपूर तालुक्यातलं. नोकरीमुळे मी महाडला स्थायिक झालो, पण गावच्या कबड्डीचे थंडीतले सामने कधी चुकवले नाहीत. मी खेळाडू नव्हतो. दम कमी, अंग बोजड. मी बघणारा माणूस. कुठल्या गावचा कोपरारक्षक डाव्या हाताने पाय धरतो आणि कोण चढाई करताना श्वास चोरतो, हे मला पाठ असायचं. आजही टीव्हीवर लीग लागली की घरातले मला जेवायला दोनदा हाक मारत नाहीत.

यंदा सामने भरवणाऱ्या मुंबईकर मंडळाने व्हॉट्सॲपवर माझा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'स्वतःच्या गावाविरुद्ध निकाल देणारे निःपक्षपाती पंच यांचा रविवारी अंतिम सामन्याआधी सत्कार.' शाल कोणाच्या हस्ते, तर ज्याच्याविरुद्ध मी तो निकाल दिला होता त्याच्याच हस्ते. मंडळातल्या पोरांना ही कल्पना फार सुंदर वाटली. फोटोखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. ती बघून मी माळ्यावर चढलो आणि तंबू खाली काढला.

फाट्यावर एसटीतून उतरून मी गावात न शिरता मागच्या पायवाटेला लागलो. अर्ध्या चढावर लाकडांचा भारा घेऊन उतरणारी एक बाई भेटली. गावातलीच, पण तिने मला ओळखलं नाही.

"कबड्डी खाली हाय, आजोबा. तुमी वर कुठं?"

मी म्हटलं, असाच, फिरायला. तिने माझ्या पाठीवरच्या बोजाकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हातारीशी भांडलाव वाटतं." हसत उतरून गेली. मला चढताना दम लागत होता, पण तिच्या बोलण्यावर मीही हसलो. त्या दोन दिवसांतलं माझं तेवढंच हसणं.

पठारावर पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. तंबूच्या काठ्या एकमेकांत घालताना माझी फजिती झाली. एक बाजू शेवटपर्यंत लोंबकळतच राहिली. थर्मासमधला चहा प्यालो, घरच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी खाल्ली. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसू लागले, तसे खाली मैदानावरचेही दिवे लागले आणि समालोचकाचा आवाज वर आला. शब्द नीट कळत नव्हते. पण तो कुठे थांबतो, कुठे चढतो, लोक कधी ओरडतात, यावरून मला तिथं बसून सगळा सामना दिसत होता. पकड झाली. चढाई वाया गेली. आता संघ तिघांवर आला. मी गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होतो आणि नको असताना जुना सामनाही त्यातून दिसत होता.

त्याला चाळीसेक वर्षं झाली. आमच्या संघाचा सगळ्यात चांगला चढाईपटू बौद्धवाडीतला होता. शाळेत माझ्याच वर्गात. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. खेळात कोणी त्याची जात काढत नसे, कारण तो जिंकून देत असे. त्याच्या घामाला सगळ्यांचे हात लागत. त्याच्या घरचं पाणी मात्र कोणी पीत नसे, आणि मीही प्यालो नव्हतो.

गावात एक पद्धत होती. ढाल जिंकली, की शेवटची चढाई ज्याने केली त्यानेच ती देवळात, अगदी आत नेऊन देवासमोर ठेवायची. त्याआधीची बरीच वर्षं आम्ही ढाल जिंकलीच नव्हती, त्यामुळे हा प्रश्न कधी आला नव्हता.

त्या वर्षी अंतिम सामना सावित्री नदीपलीकडच्या गावाशी होता. समोरच्या संघाच्या मागच्या रेषेवर मी बसलो होतो. आपल्याच खेळाडूला बाद देणाऱ्या माणसावर कोणी शंका घेणार नाही, म्हणून चढाई करणाऱ्याच्या गावचा माणूस त्या रेषेवर बसवायचा, असा दोन्ही गावांचा रिवाज होता. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, आणि ती त्याची. माझ्या मागे देवळाचे मानकरी खुर्ची टाकून बसले होते. तो मध्यरेषा ओलांडून आत आला तेव्हा ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "जिंकलो तर ढाल आत कोण नेणार?"

एवढंच. मला कोणी काही करायला सांगितलं नाही. पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आलो की मला सांगितलं गेलं होतं. ते खोटं आहे.

कोपऱ्यातला गडी मागे सरकत रेषेपर्यंत आला. आमच्या चढाईपटूने लांब पाय टाकून त्याला शिवलं आणि तो वळला. त्याची मागची टाच फक्कीच्या रेषेपासून चार बोटं आत होती. पांढरी फक्की जशीच्या तशी होती, तिला नखही लागलं नव्हतं. मी हात वर केला. मुख्य पंचाने शिट्टी मारली. तो मध्यरेषेवर पोचून मागे बघत उभा राहिला. त्याने वाद घातला नाही. फक्त माझ्याकडे बघितलं.

खेळाडूंना नोकरी देणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीचा माणूस त्याला बघायला आला होता. ऐन वेळी रेषेचं भान सुटतं असं म्हणून तो निघून गेला. गावाने ढाल घालवल्याचा राग आमच्या चढाईपटूवर काढला. तो पुन्हा मैदानात उतरला नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर गोण्या उचलत त्याचं वय गेलं. त्या दिवसापासून तो मला अहो-जाहो करतो. आणि गावाने पुढच्या वर्षापासून ढाल देवळात नेण्याची पद्धतच गुपचूप बंद केली. म्हणजे ती त्या वर्षीही बंद करता आली असती.

माझी मात्र वाहवा झाली. पोलादपूर आणि महाड, दोन्ही तालुक्यांत मला पंच म्हणून बोलावणी येऊ लागली. हा माणूस सख्ख्या भावालाही सोडणार नाही, असं लोक म्हणत आणि मी ऐकून घेत असे.

सकाळी तंबू दवाने भिजला होता. तो तसाच गुंडाळला आणि उतरून थेट बौद्धवाडीत त्याच्या घरी गेलो. तो ओटीवर कडधान्य निवडत बसला होता. मागे कोनाड्यात बुद्धाची मूर्ती होती. त्याने सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यालो आणि सगळं सांगितलं. टाच आत होती, मला दिसली होती, तरी मी हात वर केला.

तो सुपातले खडे काढत राहिला. मग म्हणाला, "पाय माझा होता. मला नाय कळणार?"

मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? त्याने मान वर केली. "कोणाला? तुमचा हात वर होता. माझं कोण ऐकणार होतं?"

त्यानेच पुढे सांगितलं, की गावातली पोरं त्याच्या नातवाला अजूनही 'रेषेवाल्याचा' म्हणून चिडवतात. नातू कबड्डी सोडून क्रिकेट खेळतो. शाल द्यायला हो का म्हणालास, असं मी विचारलं.

"तुमी काय बोलता ते बघायचं होतं," तो म्हणाला. "इथं ओटीवर सांगून काय उपयोग? सांजच्याला माइक हाय."

संध्याकाळी माइक होता. मैदान भरलं होतं. समालोचकाने माझ्या प्रामाणिकपणावर पाच मिनिटं भाषण केलं, माझ्या वर्गमित्राने शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि माइक माझ्या हातात आला. पहिल्या रांगेत मानकऱ्यांचा मुलगा बसला होता, आता तोही म्हातारा. डोंगरावरून उतरताना मी वाक्य पाठ केलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच: "त्या दिवशी माझी चूक झाली. ह्याचा पाय बाद नव्हता. मला माफ करावं."

मग टाळ्या. समालोचकाने माइक घेतला आणि म्हणाला, बघा, केवढा मोठेपणा, या वयात भर मैदानात चूक कबूल करणारा पंच पुन्हा होणे नाही. टाळ्या वाढल्या. लोक उभे राहिले. एक जण पुढे येऊन माझ्या पाया पडला.

शाल देऊन तो माझ्या शेजारीच उभा होता. टाळ्यांच्या आवाजात माझ्याकडे वाकून म्हणाला, "चूक नव्हती ती. रेषेवर बसून तुमी कधी चुकत नव्हता."

आणि खाली उतरून गर्दीतून निघून गेला. अंतिम सामना सुरू झाला. मी शाल पांघरून पहिल्या रांगेत बसलो आणि तो पूर्ण बघितला.

महाडला परत आल्यावर बायकोने शाल घडी घालून कपाटात ठेवली. तंबू अजून गॅलरीत वाळत घातलाय. मंडळाच्या ग्रुपवर माझं भाषण फिरतंय, मुलानेही ते मला पाठवलं. म्हणून हे लिहून त्याच ग्रुपवर टाकतोय. मी चुकलो नव्हतो. मला पाय रेषेच्या आत दिसला, आणि त्याने ढाल घेऊन देवळात जाऊ नये म्हणून मी हात वर केला. मला कोणी सांगितलं नव्हतं. आता टाळ्या वाजवायच्या असतील त्यांनी वाजवाव्यात.