आबांचं ऐकीव जेवण

पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यातले आबा मला अजून आठवतात. नाव काही विचारलं नाही. आमच्या मालकांच्या शेजारची खाट त्यांची. वरवंडकडचे, डोक्याला पटका, नाकात नळी. दुखायला लागलं की उशी पोटाशी धरून पुढं वाकून बसायचे. घरच्यांनी वायगोळा, म्हणजे पोटात वायू धरलाय, असं समजून त्यांना चमचा चमचा तूप पाजलं होतं. इथं स्कॅन केल्यावर कळलं, सूज स्वादुपिंडाला आहे आणि तूप म्हणजे त्या सुजेला खतपाणीच. डॉक्टरांनी अन्नपाणीच बंद केलं.

मी बहिणीकडं जेवून आले की आबा विचारायचे, "ताई, आज काय व्हतं?"

पहिल्यांदा मी म्हटलं, "काही नाही, चहा-पाव."

"खोटं कशाला बोलता? लसणाचा वास येतोय."

मग मी सांगायलाच लागले. मला काय, बोलायला निमित्तच लागतं. आमटीला फोडणी कशी दिली, भाकरी कशी फुगली, सगळं. आबा डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच विचारायचे, "आन् मीठ?"

एके सकाळी नळी निघाली. पेज देऊन बघू, पुन्हा दुखलं तर ऑपरेशन, असं डॉक्टर सांगून गेले. आबांनी दोन चमचे घेतले आणि हात पोटावर ठेवला. आम्ही त्या हाताकडंच बघत बसलो.

बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "ताई, तुमची नुसती सांगितलेली आमटी बरी व्हती. ह्यात मीठच न्हाई."

मालक हसले, मीही हसले. दुखतंय का, हे विचारायचं राहूनच गेलं.