पिंडरीला हात लावायचा नाही

मावशी दहिसरहून आली ती खोबरेल तेलाची बाटली घेऊनच. आतड्याच्या कॅन्सरची माझी केमो चालू होती आणि कालपासून डावी पिंडरी सुजून दुधी भोपळ्याएवढी झाली होती. गरम तर अशी, की वर पापड भाजला असता! फोनवर मी हे फक्त मावशीला सांगितलं. बायकोने लगेच हॉस्पिटल गाठायला लावलं असतं ना.

मावशीचा हात लागला की मेलेला रेडा उठून नांगराला लागतो, असं मीच अर्ध्या घाटकोपरला सांगितलेलं. तिने तेल कोमट केलं, पलंगावर बसली.

"पाय हडे कर," आपल्या मांडीकडे बोट दाखवत ती म्हणाली.

"हळू हां मावशी, एवढाच देखणा अवयव उरलाय."

"गप रव मेल्या."

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"मावशी, हात लावू नका!"

चहा निम्मा बशीत.

"कधीपासून सुजलाय रे?"

"कालपासून. जरासाच..."

"जरासा? एरवी पावशेराचं मणभर करून सांगतोस, आणि आज खरंच मणभर झालंय तर जरासा?"

"म्हणजे माझो हात वाईट?" मावशी फुगली.

"तसं नाही ओ. कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात. एकच पाय सुजला तर चोळायचं नाही, ताबडतोब यायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. गुठळी सुटली तर थेट फुप्फुसात जाते."

मावशीचे तेलकट हात हवेतच राहिले. मी विनोद शोधायचा सोडून चपला शोधल्या.

रिक्षात प्रत्येक स्पीडब्रेकरला मी श्वास धरत होतो. पुन्हा घेताना वाटायचं, हा पुरा येतोय ना? बायको दर वळणावर विचारायची, "छातीत दुखतंय?" मावशी हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती, जणू त्यात बॉम्ब आहे.

पायाची सोनोग्राफी झाली. गुठळी होती, गुडघ्याच्या मागे. डॉक्टरांनी मावशीच्या चकाकत्या तळव्यांकडे बघून विचारलं, "चोळलं नाही ना?"

"नाय," मावशी म्हणाली. आवाज एवढासा.

आता रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन बायको रोज माझ्या पोटात टोचते. मी अशी बोंब मारतो की मुलुंडला ऐकू जावी, आणि सवयीने हात टोचल्या जागी जातो. तिथेही चोळायचं नसतं.

"हात काढ मेल्या!" आमच्याकडेच मुक्काम ठोकलेली मावशी दारातून ओरडते. तिचे स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे असतात.