मागे राहिलेलं सामान

एकट्या माणसाकडे किस्से फार साठतात. घरी गेल्यावर ऐकायला कोणी नसतं, म्हणून ते खपतच नाहीत. माझे बहुतेक लिम अंकलच्या म्युझियममधले आहेत.

म्युझियम म्हणजे पाया लेबार भागातल्या एका जुन्या बिल्डिंगमधली खोली. सिंगापूर सोडून गेलेले लोक जे टाकून जातात, ते अंकल उचलून आणतात आणि काचेच्या कपाटात मांडतात. माझी बायको मेधा आमच्या मुलीला, सईला, शाळेसाठी घेऊन पुण्याला गेली, तेव्हापासून माझे रविवार तिथेच जातात.

*

सोबतीला केदार असतो. तो इथे पोस्टडॉक आहे, बुकित पंजांगला एकटाच राहतो. पहिल्यांदा आला तेव्हा कपाटात एक विळी होती, खाली लेबल: 'इंडियन शस्त्र'. केदारला राहवेना. त्यानं विळी खाली ठेवून अंकलचं सफरचंद चिरून दाखवलं.

अंकल हादरले. "यू ऑल कुक सिटिंग ऑन वेपन, आ?"

पुढच्या रविवारी लेबल बदललं होतं: 'इंडियन शस्त्र, किचनसाठी'.

*

दिवाळीत मी अंकलना चिवडा दिला, स्टीलच्या डब्यातून. दिलेला डबा रिकामा परत करू नये ही आपली पद्धत, म्हणून मी बिस्किटांच्या आशेवर होतो. डबा थेट कपाटात! त्यावर सासूबाईंचं नाव घातलेलं. अंकलनी ते फोनमधल्या ट्रान्सलेट ॲपनं वाचून घेतलं आणि लेबल लावलं: 'कलाकार: इंदूबाई'.

मेधाला फोनवर सांगितलं तर ती पोट धरून हसली. मग कामं आहेत म्हणाली आणि फोन ठेवला.

*

एकदा बंद व्हायची वेळ झाली तरी केदार उठेना.

"यू नो होम, आ?" अंकलनी विचारलं.

"फ्लॅट आहे," केदार म्हणाला.

*

'जूनमध्ये येतो आम्ही परत' असं मेधा दर वर्षी म्हणायची. या वर्षी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. आमचा पासिर रिसचा मोठा फ्लॅट सोडायचं ठरवलं आणि सईची छोटी सायकल घेऊन म्युझियममध्ये गेलो. सई आता आईच्या खांद्याला लागते.

अंकलनी लेबल लिहायला पेन काढलं. "ओनर नॉट कमिंग बॅक, कन्फर्म?"

मला कन्फर्म म्हणवेना. अंकलनी पेनाला टोपण लावलं.

"देन कॅनॉट, ला. टेक होम."

टॅक्सीवाल्यानं सायकल डिकीत ठेवली. "डॉटर शुअर हॅपी, आ?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

घरी पोचलो आणि दोन्ही चाकांत हवा भरली.