नवीन हातमोजे

शाळा आणि पालक मिळून एक कुटुंब असतं. या वाक्याच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. कुटुंबात मोरी कोणी घासायची हेही ठरलेलं असतं. फक्त ते फलकावर लिहीत नाहीत.

फलक मोठा होता. बोरीवलीतल्या माझ्या मुलीच्या शाळेचं सभागृह, शनिवारची सकाळ, 'शिक्षक-पालक स्नेहमेळावा'. दारात सहावीच्या मुली ताटं घेऊन उभ्या होत्या. प्रत्येक पालकाला एक गुलाब, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला. मला माझ्याच मुलीने दिला. प्रज्ञाने. "सुस्वागतम, बाबा," म्हणाली आणि हसू दाबत मागच्या माणसाकडे वळली.

मी तिसऱ्या रांगेत बसलो. व्यासपीठावरून जाहीर झालं की या वर्षी प्रत्येक पालकाने शाळेला एक तास द्यायचा. ज्याला जे येतं ते. दातांचे डॉक्टर असलेले अद्वैतचे बाबा मुलांचे दात तपासणार होते. टाळ्या झाल्या. एक आई कथक शिकवणार होती. आणखी टाळ्या.

तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई स्वतः माझ्या खुर्चीपाशी आल्या. जरीची साडी, त्यावर बिल्ला: 'आपलं कुटुंब'.

"प्रज्ञाचे बाबा, जरा बाहेर येता?"

मी उठलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी पालिकेच्या प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासतो. वाटलं, मुलांना पाण्याबद्दल सांगा म्हणतील. व्हरांडा संपेपर्यंत मी सुरुवातीची दोन वाक्यं मनात जुळवलीही होती.

व्हरांडा मुलांच्या मुतारीशी संपला.

दारातून पाणी बाहेर आलेलं. एक बादली, एक लांब बांबूची पट्टी. शाळेचे शिपाई सावंतकाका भिंतीला टेकून उभे. बाईंनी पदर नाकाला लावला.

"कालपासून चोकअप झालंय हो. आणि आज नेमका प्लंबर फोन उचलत नाहीये. तुम्ही बीएमसीत आहात ना? तुमच्या लोकांना सवय असते याची."

मग बादलीवरचं पाकीट उचलून माझ्यापुढे धरलं.

"ग्लोव्हज नवीन आणलेत हं. खास तुमच्यासाठी."

शाळेला एवढंच माहीत होतं की मी पालिकेत आहे. आडनाव माहीत होतंच. या दोहोंची बेरीज बाईंनी स्वतःच केली होती. मी पालिकेत नक्की काय करतो, हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती. आणि आवाजात जराही दुष्टपणा नव्हता. हे मुद्दाम सांगतो. अतिशय गोड आवाज होता.

सावंतकाका माझ्याकडे न बघता पुटपुटले, "माका सांगितल्यानी आधी. मी सरळ नाय म्हटलंय. आमच्यात नाय चालत ह्यां."

म्हणजे शिपायाला नाही म्हणायची सोय होती. माझ्यासाठी ती गृहीत धरलेली नव्हती.

व्हरांड्याच्या वळणावर प्रज्ञा दिसली. रिकामं ताट घेऊन आणखी गुलाब आणायला निघाली असावी. थांबली. तिने बादली बघितली, पाकीट बघितलं, मला बघितलं.

जिभेवर वाक्य तयार होतं. 'मॅडम, तुमचा गैरसमज होतोय, मी लॅबमध्ये असतो.' खरं वाक्य. सभ्य वाक्य. बाईंनी जीभ चावली असती, सॉरी म्हटलं असतं, चहा मागवला असता.

पण त्या वाक्याच्या पाठीमागे माझा बाप उभा होता.

माझा बाप घाटकोपरच्या गटारांत उतरायचा. घरी आला की आधी चाळीच्या नळावर जायचा. साबण झिजेपर्यंत हात घासायचा, वास घ्यायचा, पुन्हा घासायचा. मग मला जवळ घ्यायचा. त्या हातांना कोणी मोजे दिले नाहीत. नवीन तर नाहीच. त्याच हातांच्या पगारावर मी रसायनशास्त्र शिकलो. आणि आता 'मी त्यातला नाही' म्हणायचं? कोणातला नाही? बापातला?

मी ते पाकीट घेतलं.

"थँक्यू हं," बाई म्हणाल्या.

मी मुतारीत गेलो नाही. उलटा वळलो. प्रज्ञाच्या शेजारून, सभागृहाच्या दाराने, खुर्च्यांच्या मधून सरळ व्यासपीठावर. मागून बाईंच्या चपलांचा आवाज. "प्रज्ञाचे बाबा! अहो, तिकडे नाही!"

कथकवाल्या आईंचं मनोगत चालू होतं. मी माइक मागितला. त्यांनी दिला. माझा चेहरा बघून दिला असावा.

सभागृहाकडे तोंड केलं.

"शाळेला माझा एक तास हवा आहे," मी म्हणालो. "मुतारी साफ करायला. शाळेने नवीन हातमोजेही आणलेत." पाकीट वर धरून दाखवलं. "मी करतो. पण आपण कुटुंब आहोत, तर पाळी लावू. आज मी. पुढच्या शनिवारी अद्वैतचे बाबा."

"अहो, शनिवारी माझं क्लिनिक असतं," डॉक्टर बसल्या जागेवरून म्हणाले. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मग रविवारी. तिसरी पाळी बाईंची. हातमोजे एकच जोड आहे, पण रबरी आहेत. सगळ्यांना बसतील."

आता कोणी हसलं नाही. बाई व्यासपीठावर पोचल्या होत्या. चेहरा लाल.

"तुम्ही उगाच वेगळा अर्थ काढताय. आमच्या शाळेत जात-बित कोणी मानत नाही."

"मी जातीचं नाव घेतलेलं नाही, बाई. आत्ता तुम्ही घेतलंत."

माइक बंद झाला. कोणी केला ते कळलं नाही. पंखे फार आवाज करतात, हे तेव्हा लक्षात आलं. मी वाट बघितली. पालकांनी खचाखच भरलेलं सभागृह. एकाने तरी हात वर करावा, 'लावा पाळी' म्हणावं. कथकवाल्या आईंनी मान खाली घातली. डॉक्टरांनी फोन काढला. मग कोणीतरी जाहीर केलं की चहा तयार आहे, आणि सगळे भराभर उठले. चहा वेळेआधी मिळालेला तो पहिलाच मेळावा असेल.

मी पाकीट व्यासपीठावरच्या समईशेजारी ठेवलं आणि प्रज्ञाला घेऊन निघालो.

आम्ही घरी चारकोपला जाणाऱ्या रिक्षात बसलो. ती म्हणाली, "बाबा, तू सांगितलं का नाहीस? तू लॅबमध्ये असतोस ते?"

"सांगितलं असतं तर त्यांनी माफी मागितली असती."

"मग चांगलंच ना!"

"आणि मग दुसऱ्या कोणाचे तरी बाबा शोधले असते."

सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिने हळूच विचारलं, "मला शाळेतून काढतील?"

नाही म्हटलं असतं तर ते तिला धीर द्यायला म्हटलेलं खोटं झालं असतं.

"माहीत नाही. काढायला आले तर मी मध्ये उभा राहीन."

"सोमवारी सगळे माझ्याकडे बघतील."

"बघतील. तू पण बघ त्यांच्याकडे."

तिने नाक पुसलं. "आणि पुढच्या मीटिंगला तू येणार?"

"येणार."

जाणार आहे. प्रत्येक सभेला जाणार. तिसऱ्या रांगेत नाही, पहिल्या. मुलीच्या गणितावर बोलणार, तिच्या शिक्षकांशी बोलणार. पालक म्हणून जेवढा हक्क डॉक्टरांना आहे तेवढा पुरेपूर वापरणार. कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर आधी बापाचं काम सांगणार, मग माझं. त्याच क्रमाने. आणि पाळीचा विषय दर वेळी काढणार, उत्तर मिळेपर्यंत. ज्यांना अवघड वाटेल त्यांनी चहा घ्यावा.

प्रज्ञाला अजून कोणी शाळेतून काढलेलं नाही. पाळीही लागलेली नाही. सोमवारी शाळेने प्लंबर बोलावला. तो काम करत असताना मुलं बघायला जमली होती, त्यांत प्रज्ञाही होती. नळीतून गेल्या वर्षीच्या मेळाव्यातल्या गुलाबांचे प्लास्टिकचे कागद निघाले.