संतोषच्या पेटीचं कुलूप

खालापुराजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात हिरामण ई-मेलची मशिनं सांभाळतो. घरी थोडी भातशेती, इथं चौदा वर्षं मशिनांची थंडगार खोली. गावात कोणी विचारलं की म्हणतो, "पोस्टमनच हाय मी, फकस्त चालायला लागत नाय."

कारखान्यातला माणूस गेला की तेराव्यापर्यंत त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. बॉयलरवरचा संतोष वाफेनं भाजून मेला, तेव्हा हिरामणनं त्याच रीतीनं त्याच्या मेलपेटीला कुलूप घातलं. जुन्या मशिनवरच्या पेट्यांची नक्कल रोज नव्या मशिनवर उतरत होती. कुलपातली तेवढी राहायची. 'एक वगळली', पडदा रोज सांगायचा. हिरामण नुसती मान डोलवायचा.

बाराव्या दिवशी दुपारी संतोषची बायको छाया गेटवर आली.

"भावोजी, सायेब म्हनतात चूक यांचीच. वॉल्व गळतोय म्हनून यांनी सायबास्नी तीनदा मेल केल्ता, माझ्या डोळ्यांदेखत!"

जुनं मशिन आजच संध्याकाळी पाचला पुसायचं होतं. साहेबांनी आपल्या पेटीतून ते मेल केव्हाच पुसले असणार, आणि संतोषच्या पेटीची नक्कलच नव्हती.

"रीत गेली खड्ड्यात." छायाला घेऊन तो खोलीत आला आणि कुलूप काढलं. लगेच पडद्यावर उमटलं: पेटी वापरात आहे. कोणीतरी ती उघडून बसलं होतं, म्हणून मशिननंच ती पुन्हा बंद केली होती. कुठून? संतोषच्या कॉम्प्युटरवरून.

तो बॉयलरखोलीकडं धावला. दाराला सील. काचेतून पाहिलं, तर कॉम्प्युटरची वायर उपटून खुर्चीवर टाकलेली. बॉयलर बारा दिवस थंड, तरी काचेला आतून वाफ धरली होती.

परत येऊन त्यानं चारदा कुलूप काढलं. चारदा लागलं.

छाया भिंतीला टेकून हळूच म्हणाली, "दहाव्याला कावळा शिवला नाय. शेवटी दर्भाचा करून लावला."

"काय कबूल केलंत त्यास्नी?"

"पोरांना सांभाळीन म्हनलं. पन नाय आला."

मेल छापून कागद तिच्या हाती द्यायचे आणि आपण नामानिराळं व्हायचं, हे हिरामणनं मनात कधीच ठरवून टाकलं होतं. तेच कुणीतरी ओळखलं होतं.

तो पडद्याकडं बघून बोलला, "संतोष, ऐक. तुजे मेल मीच वाचीन, सायबापुढं अन् चौकशीतपन. माज्या नावानं. नोकरी जाईल तर जाऊंदे. आता सोड रं."

मशिनच्या पंख्यांची घरघर उतरली. पेटी उघडली आणि नव्या मशिनवर सरकायला लागली.

पाचला दोन मिनिटं असताना तीन कागद छापून निघाले. कागद गरम होते. पण प्रिंटरचे असतात तेवढेच, असं त्यानं स्वतःला सांगितलं. फोन वाजला.

"हिरामण, पुसलंस का?"

"पुसतो सायेब. आधी वर येतो. संतोषचे तीन मेल वाचून दावायचे हायेत."

त्यानं फोन ठेवला आणि तिन्ही कागद उचलले.

जिन्यावर तो एकदा थांबला. पण मागं फिरायचं, तर जिथं संतोषला शब्द दिला त्या खोलीतूनच जावं लागलं असतं.