आजचं माप

खडूमावशी खुर्चीतून उठायलाच तयार नाहीत, असं त्यांच्या मुलाने मला फोनवर सांगितलं. पडल्यावर मोडलेलं मांडीचं हाड जुळलं होतं, काठीही करून आणली होती. पण बाई चार पावलं टाकायच्या आणि परत बसायच्या. आता पाय चालते केले नाहीत तर पुढे चालणारच नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "तुझं तरी ऐकते का बघ," मुलगा म्हणाला. "माझं तर तिने जन्मात ऐकलेलं नाही."

माझंही त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं, पण मी निघाले. या बाईंनी माझ्यासाठी जे केलंय ते माझ्या सख्ख्या मावशीनेही केलेलं नाही, आणि सख्ख्या मावशीला हे माहीत आहे.

मावशींचं दुकान आमच्या स्केटिंगच्या मैदानासमोर, दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये अंग चोरून उभं. चाकांचे बूट घालून सिमेंटवर जी हॉकी खेळतात, तिचं सगळं सामान तिथे मिळायचं. दुकान मुळात त्यांच्या नवऱ्याचं. तो खेळाडू, मावशींना मात्र हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तो अचानक गेला, मुलगा शाळेत होता, तेव्हा कळो न कळो, शटर वर करणं भाग पडलं. पहिल्या वर्षी त्या स्टिकचा रंग गिऱ्हाईकाच्या शर्टाला शोभतो का ते बघून विकायच्या. निम्म्या स्टिक परत यायच्या. मावशी त्या मुकाट्याने घ्यायच्या आणि मागच्या खोलीत रचून ठेवायच्या.

एकदा दुकान झाडताना त्यांना दिसलं, की लांब दांड्याचा ब्रश एकाच कोपऱ्यावर झिजलाय. दांडा मोठा, बाई बुटकी; दांडा कलता धरावा लागे आणि ब्रशची दुसरी बाजू जमिनीला लागतच नसे. हातातला ब्रश टाकून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि परत आलेल्या स्टिक उलट्या करून बघत बसल्या. स्टिकच्या खाली आडवं पातं असतं. कुणाच्या पात्याची टाच झिजलेली होती, कुणाचं टोक. अख्खं पातं सारखं झिजलेली एकही स्टिक त्या ढिगात नव्हती.

तेव्हापासून दुकानाची फरशी काळी झाली आणि गल्ल्याशेजारी खडूचा डबा आला. गिऱ्हाईक आलं की त्याला बूट चढवायला लावायचे, पात्याच्या बुडाला खडू घासायचा, जमिनीवर कागदाचे बोळे टाकायचे आणि म्हणायचं, "हे त्या टोपलीपर्यंत ढकल. काठीकडे बघू नकोस, टोपलीकडे बघ." काठीकडे बघितलं की माणूस फोटोला उभा राहिल्यासारखा ताठतो, आणि ताठलेल्या माणसाचं माप खोटं येतं, असं त्यांचं म्हणणं. फरशीवर खडूचा पट्टा पुरता उमटला तर काठी त्याची. अर्धाच उमटला तर दुसऱ्या कोनाचं पातं घ्यायचं. बूट घालून काठी हनुवटीशी यावी हा नियम त्यांना मान्य होता, पण फक्त सुरुवात करण्यापुरता. पुढचं सगळं फरशी सांगायची. माप झालं की त्या ओल्या फडक्याने फरशी लख्ख पुसून काढायच्या. पहिल्याच्या खुणा दुसऱ्याच्या पायात नकोत.

आया मुलांसाठी वाढत्या अंगाची काठी मागायच्या, जणू शाळेचा गणवेशच. मावशी दांडा करवतीने कापता कापता म्हणायच्या, "पोर आज खेळणार ना? मग माप आजचं घ्या. उद्याचं पोर उद्या घेऊन या." यावर कुणाचं काही चालत नसे.

मी त्या दुकानात गेले तेव्हा वर्गात सगळ्यांत उंच होते आणि ती उंची लपवायला खांदे पाडून, पोक काढून वावरत होते. घरी आई, शाळेत बाई, मैदानावर सर, सगळ्यांचं एकच पालुपद: सरळ उभी राहा. उंच मुलगी म्हणून सरांनी उंच काठी दिलेली. चेंडू पात्याखालून निसटायचा, आणि पुढच्या सामन्याला मला बाहेर बसवणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. मावशींनी खडू घासला. मी बोळे ढकलले. फरशीवर फक्त टाच उमटली, टोक साफ हवेत.

आता ऐकायचंय तेच, म्हणून मी मान खाली घातली. मावशींनी माझ्या खांद्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू वाकतेस. बरं. वाकणारीची काठी देऊ." त्यांनी जास्त फाकलेल्या कोनाचं पातं काढलं, दांडा बोटभर कापला. पट्टा पुरता उमटला. मला बदलायचं सोडून कुणीतरी काठी बदलली होती, आणि घरी जाताना मी रस्ताभर रडत होते. सामन्याला मला कुणी बाहेर बसवलं नाही. आज मी त्याच मैदानावर मुलांना शिकवते, ते त्या बोटभर कापलेल्या दांड्यामुळे. मी त्यांची जन्माची आभारी आहे.

तर मी पोचले. शटर अर्धं खाली होतं. मावशी गल्ल्यामागच्या खुर्चीत बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी, मुलगा शेजारी उभा.

"आलीस? यानेच बोलावलं असणार," त्या म्हणाल्या. "चहा पी आणि जा."

"आधी चार पावलं टाकून दाखवा."

त्या उठल्या. काठीची मूठ पार कमरेच्या वर आली, कोपर पंखासारखं वर, आणि काठी शरीरापासून लांब टेकवावी लागत होती. समोरच्या टेबलापर्यंत जाताना त्यांच्या कपाळावर घाम आला.

"काठीचं माप कुणी घेतलं?" मी मुलाला विचारलं.

"तिनेच सांगितलं सुताराला. सांगितलं म्हणजे हुकूमच."

"माझं माप मला पाठ आहे," मावशी म्हणाल्या. "पाठ सरळ झाली की बरोबर येईल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते माप पडण्याआधीच्या मावशींचं होतं. अंथरुणात काढलेल्या महिन्यांनी त्यांना चांगलंच वाकवलं होतं, आणि हे त्यांना सोडून सगळ्यांना मान्य होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी डब्यातून खडू घेतला आणि काठीच्या रबरी बुडाला घासला.

"माझीच विद्या माझ्यावर?"

"टोपलीकडे बघा, मावशी. काठीकडे बघू नका."

मुलगा म्हणाला, "आई, सरळ उभी राहा." मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

त्या चालल्या. काळ्या फरशीवर एकामागून एक पांढऱ्या चंद्रकोरी उमटल्या, नखाएवढ्या. बुडाची एकच कड टेकत होती. मावशी टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि फरशी वाचत राहिल्या. ती त्यांच्याइतकी चांगली कुणालाच वाचता येत नव्हती.

"मी वाकले गं," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते.

"हो मावशी."

"आता सरळ होणार नाही का?"

"ते मला नाही माहीत. पण चालायचं आज आहे ना? मग माप आजचं घेऊ. उद्याच्या मावशी उद्या बघू."

त्यांनी नाक पुसलं. मग म्हणाल्या, "करवत खालच्या खणात आहे. आणि आधी रबर काढ, नाहीतर कापशील त्यासकट."

त्यांना समोर बघायला लावून, हात सैल सोडायला सांगून, काठी उलटी उभी करून मनगटापाशी मी खूण केली. चांगला चार बोटं दांडा गेला. रबर बसवलं, खडू घासला. मावशी निघाल्या, कोपर खाली, काठी पायाशेजारी. टेबल मागे पडलं, टोपली मागे पडली. फरशीवर पुरते गोल उमटत गेले, नाण्यासारखे, थेट दारापर्यंत.

"शटर वर कर," त्या मुलाला म्हणाल्या.

त्याने शटर वर केलं आणि सवयीने ओलं फडकं घेऊन फरशी पुसायला वाकला.

मावशी उंबऱ्यातून मागे वळल्या. "राहू दे आज," त्या म्हणाल्या.