नेच्याच्या कुंडीतलं बटण

मोठी मावशी कोट शिवायची. तिच्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेची, आणि दिवसभर इस्त्रीची वाफ. माणसाचा जीव गुदमरेल अशा त्या खोलीत तिच्या कुंड्यांतले नेचे, म्हणजे फर्न, मात्र मजेत होते. बारा महिने हिरवे, पण नखरे असे की थेट ऊन नको, झुळूक नको, गार पाणी नको. "तुझ्या काकांपेक्षा सोपे आहेत," ती म्हणायची.

त्यातला एक तिनं पानामागच्या तपकिरी भुकटीपासून वाढवला होता. ओल्या मातीवर भुकटी पसरून, वर काच ठेवून, कित्येक महिने नुसता हिरवा थर बघत बसली. सात वर्षांत तो टेबलभर पसरला. तिचा त्याच्यावर आमच्यापेक्षा काकणभर जास्तच जीव होता.

कुंडीच्या भोकावर लोक खापरीचा तुकडा ठेवतात. मावशी कोटाचं मोठं बटण ठेवायची.

गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना तिनं तो नेचा माझ्या आईकडे, म्हणजे सख्ख्या धाकट्या बहिणीकडे सोपवला. महिन्याभरानं आई म्हणाली, "ताई, वाळला गं. मी खूप जपलं." मावशीनं उलट आईचीच समजूत घातली. "मीच नीट सांगितलं नसेल," म्हणाली.

दोन वर्षांनी ती मला भेटायला शाळेत आली. मी तिथे शिकवते. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीबाहेर, काचेच्या आडोशाला, माळी एका भल्यामोठ्या नेच्याची कुंडी बदलत होता. मुळांच्या गड्ड्याला चिकटून काळं, चार भोकांचं बटण बाहेर आलं.

"हे झाड कुठून आलं हो?" मावशीनं विचारलं.

"बाईंना भेट आलं. ह्या मॅडम लागल्या ना, त्याच आठवड्यात. ह्यांच्या आईच घेऊन आल्या होत्या."

नोकरी मी माझ्या गुणांवर मिळवली, असं दोन वर्षं मिरवत होते. आईनं माझ्या नोकरीपायी आम्हा दोघींना फसवलं होतं.

मावशीनं बटण रुमालानं पुसलं.

"तुला ठाऊक होतं?"

"नाही गं मावशी. खरंच नाही."

ती माळ्याला म्हणाली, "पाणी कोमट घालत जा," आणि जिन्याकडे वळली. मी हात पुढे केला. गुडघा ठणकत होता तरी तिनं कठडाच धरला.